समितीला थरथर हवी

खामगावच्या मेंदूविकार जनजागृती व संशोधन साहाय्य समितीने कंपवाताच्या संशोधनासाठी निधी उभारण्याचा ठराव एकमताने संमत केला. कंपवातात मेंदूतल्या काही ठरावीक पेशी हळूहळू मरत जातात. त्या का मरतात, हे अजून नीट कळलेले नाही. ते कळायला पैसा लागतो, पैसा मिळायला कार्यक्रम लागतो आणि कार्यक्रमाला मंडप, प्रमुख पाहुणे व एक रुग्ण लागतो, इथपर्यंत समितीचे संशोधन पूर्ण झाले होते. मंडप ठरला. पाहुण्यांनी होकार दिला. रुग्ण शोधण्यासाठी उपसमिती नेमण्यात आली.

उपसमितीत सरकी-ढेपेचे व्यापारी व अध्यक्ष माणिकराव आणि शिकवणी वर्ग चालवणारे सचिव प्रसेनजित असे दोघे होते. मूळ समितीतही कामाचे तेवढेच होते. दोघे गावाबाहेरच्या मळ्यात शेषरावांकडे पोहोचले, तेव्हा शेषराव मेथीच्या जुड्या बांधत होते. कित्येक वर्षांचा कंपवात असलेला हा माणूस सुतळीला सफाईने गाठ मारत होता. उपसमितीचा चेहरा उतरला.

“शेषराव, तुमचा हात तं चांगला चालून राह्यला,” माणिकराव तक्रारीच्या सुरात म्हणाले.

“गोळी घेतली ना जी याइनं,” शेषरावांच्या पत्नी गोजरबाई म्हणाल्या. “गोळी नसली का मंग पहा. आंधी हात हालते, मंग अंगाचं लाकूड होते.”

उपसमितीने डोळ्यांनीच बैठक घेतली. प्रसेनजित यांनी नम्रपणे मांडले की, आजार दिसल्याशिवाय जनजागृती होत नाही आणि गोळीमुळे आजार दिसत नाही. सबब गोळी हा जनजागृतीतला अडथळा आहे. कार्यक्रमाच्या सकाळी ती घेऊ नये. पाहुणे येतील, फोटो होईल, की लगेच घ्यावी.

आपल्या हातामुळे पुढे कोणाचा हात वाचणार असेल तर एक सकाळ गेली तरी हरकत नाही, असे शेषरावांना वाटले. गोजरबाईंना तसे अजिबात वाटले नाही. पण नवरा शब्द देऊन बसला होता, म्हणून त्यांनी गोळी पदराच्या गाठीत बांधली आणि मंचावर स्वतःसाठी खुर्ची मागितली. कार्यक्रमपत्रिकेत ‘रुग्णपत्नी’ असे पद नव्हते. ते निर्माण करण्यात आले.

पाहुण्यांची वेळ सकाळची होती. सकाळी ते जळगाव जामोदला एका सभामंडपाचे भूमिपूजन करत होते. तोवर विद्यार्थ्यांची फेरी निघाली, घोषणा झाल्या, स्वागतगीत दोनदा झाले. शेषरावांचा हात हलू लागला. दानपेटीसमोर रांग लागली. हात जितका जोरात हले तितकी रांग लांबे, असे निरीक्षण प्रसेनजित यांनी माणिकरावांच्या कानात सांगितले. त्या दिवशी झालेले संशोधन ते एवढेच.

पाहुणे नंतर नांदुऱ्याला एका दुचाकीच्या शोरूमची फीत कापायला थांबले. इकडे शेषरावांचे अंग आखडत गेले. मान ताठ झाली, चेहऱ्यावरचे भाव गोठले आणि आखडलेला हात मांडीवर नुसता पडून राहिला. रांग विरळ झाली. मागच्या खुर्च्यांतून कोणीतरी म्हणाले, “बरा झाला वाटते बे थो.”

गोजरबाईंनी पदराची गाठ सोडायला घेतली.

“वहिनी, पाच मिनटं,” माणिकराव म्हणाले. “गाडी गावात शिरलीच.”

गाडी शिरली, पण मध्ये दोन सत्कार होते. अखेर पाहुणे मंचावर आले. शेषरावांच्या अंगावर शाल घालण्यात आली. फोटोग्राफरने कॅमेऱ्यातून पाहिले आणि तो नाराज झाला.

“बाबा, जरा हात हालवा ना.”

शेषरावांना पापणीही धड हलवता येईना. रुग्ण सहकार्य करत नसल्याचे सर्वांच्या लक्षात आले. तेव्हा प्रसेनजित यांनी तांत्रिक उपाय सुचवला. माणिकराव खुर्चीमागे उभे राहिले, शालीखालून त्यांनी शेषरावांचे कोपर धरले आणि समितीतर्फे थरथर उपलब्ध करून दिली. शाल हलू लागली. मंडप हळहळला. दानपेटीसमोर पुन्हा रांग लागली.

गोजरबाई उठल्या.

“भाऊजी, हात सोडा,” त्या शांतपणे म्हणाल्या. “नाई तं शाल तुमच्यावरच टाकतो. तुम्हीच बेस हालून राह्यले.”

माणिकरावांनी हात सोडला. गोजरबाईंनी पाहुण्यांसमोरची पाण्याची बाटली उचलली, झाकण उघडले आणि नवऱ्याला घोट घोट पाजत गोळी दिली. पाहुण्यांना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि दोन शब्द बोलायला ते उभे राहिले.

गोळीचा परिणाम व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो. पाहुण्यांच्या दोन शब्दांना त्याहून अधिक वेळ लागला. ते मेंदूच्या महत्त्वावरून स्वतःच्या बालपणावर आले, तेव्हा शेषरावांची बोटे सुटी झाली. पाहुण्यांनी भाषण संपवले, तेव्हा शेषराव आपल्या पायांनी चालत माईकपाशी गेले.

“ही गोळी घेतली का माणूस तेवढ्यापुरता चालते,” ते म्हणाले. “आजार आतमंधी वाढतच राह्यते. त्याले थांबवनारी गोळी अजून निंगाली नाई. थे शोधाले पैसे द्या.”

मग रांग तिसऱ्यांदा लागली. या वेळी पैसे परत घेण्यासाठी. याला तर काहीच झालेले नाही, ही फसवणूक आहे, असा सूर निघाला. जाणत्या पाहुण्यांनी प्रसंग ओळखला. समितीच्या प्रयत्नांनी रुग्ण सर्वांदेखत बरा झाल्याची घोषणा त्यांनी केली. आजारच उरला नाही म्हटल्यावर संशोधनाची गरज उरली नाही. पेटीत राहिलेली रक्कम पाहुण्यांच्या नावाच्या स्वागतकमानीकडे एकमताने वळवण्यात आली.

शेषरावांनी गोजरबाईंना हात देऊन मंचावरून उतरवले. उतरताना दोघेही खूप हसत होते. माणिकरावांचे कोपर दुखत होते.

कार्यक्रमाचे दोन व्हिडिओ तालुकाभर फिरले. शाल हलतानाच्या व्हिडिओखाली लोक अजून हात जोडत आहेत. दुसऱ्यात शेषराव माईकसमोर सरळ उभे राहून बोलतात; ‘यात काहीच होत नाही’ म्हणून तो बहुतेकांनी पहिल्याच वाक्याला बंद केला. आपण तसे नाही, आपण इथपर्यंत वाचले आहे. तर मग वर न पाहता सांगा: शेषराव माईकवर काय म्हणाले? की आपल्यालाही शालच आठवते आहे?