पांढरीपांडे काकांचा कोर्स

पांढरीपांडे काका कुणाच्याही घरी गेले की आधी पाणी मागत आणि मग औषधांचा डबा. डबा समोर आला की चष्मा कपाळावर चढवून ते एकेक पुडी उलगडत. एखादी उरलेली कॅप्सूल सापडली की तिला चिमटीत धरून घरच्या बाईला विचारत, "ही काऊन शिल्लक आहे?"

आमच्या घरी ते पहिल्यांदा आले, तेव्हा आम्हाला चंदीगडला येऊन जेमतेम महिना झाला होता. बाबांची केंद्र सरकारी नोकरी, साताऱ्याहून बदली झालेली. सेक्टर बावीसमध्ये पहिल्या मजल्यावर भाड्याचं घर मिळालं होतं आणि समोरच्याच जिन्यावर एक मराठी गृहस्थ राहतात हे कळल्यावर आईला केवढा आनंद झाला होता. तिने चकल्या तळल्या. काकांनी चकल्यांकडे पाहिलंही नाही. माझ्या भावाच्या तापातल्या चार कॅप्सूल त्यांना डब्यात सापडल्या होत्या.

"तीन दिवसांत ताप उतरला," आई म्हणाली. "मग उगाच कशाला द्यायच्या?"

"वहिनी, डॉक्टरने पाच दिवसांच्या दिल्या होत्या ना?"

"हो, पण तो बरा झाला."

"तो बरा झाला. जंतूंचं काय? त्यातले नेभळट मेले. जे उरले, ते पहिलवान. आता ते पोरंबाळं काढतील, तीही पहिलवान. पुढच्या वेळी तुम्ही हीच कॅप्सूल द्याल आणि ते हसून राहतील."

मग त्यांनी सगळ्या चकल्या संपवल्या. शेवटचा तुकडासुद्धा ताटलीत ठेवला नाही.

काका नागपूरचे. चंदीगडमधल्या एका मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवण्याचं काम करत. जंतूंना ते 'मंडळी' म्हणत. "आज मंडळी जोरात आहेत," असं ते जेवताना म्हणाले की आईचा घास हातातच राहायचा. काकू नागपूरला शाळेत शिकवायच्या. तिथली नोकरी सोडणं शक्य नव्हतं, म्हणून फक्त मे महिन्यात यायच्या. पंजाबी शेजारी त्यांना पांडेजी म्हणत आणि ते दर वेळी न चिडता सांगत, "पांडे अलग, पांढरीपांडे अलग." बारा वर्षं सांगत होते म्हणे. एकानेही सुधारणा केली नव्हती.

मोठी माणसं त्यांचं ऐकत नसत. शिंक आली की बाजारात जाऊन दोन कॅप्सूल सुट्या घ्यायच्या, एक खायची, एक पुढच्या शिंकेसाठी ठेवायची, ही आमच्या गल्लीची रीत होती. यात सर्वांत पुढे होत्या खालच्या मजल्यावरच्या बीजी, म्हणजे माझ्या वर्गातल्या बिट्टूची आजी. शेवटी काकांनी मोठ्यांचा नाद सोडला आणि आम्हाला हाताशी धरलं. आम्ही आठ-नऊ जण होतो, तेरा ते पंधरा वयाचे. "मोठा माणूस मान हलवतो अन् घरी जातो," ते म्हणत. "पोट्टा घरी जाऊन भांडतो. मले भांडणारा पाहिजे."

एका रविवारी त्यांनी आम्हाला प्रयोगशाळा दाखवायला नेलं. झाकण लावलेल्या दोन काचेच्या बशा समोर ठेवल्या. दोन्हींवर सायीसारखा थर होता, ती मंडळी. मधोमध औषध लावलेली कागदाची इवलीशी टिकली. पहिल्या बशीत टिकलीभोवती स्वच्छ गोल रिंगण होतं, तिथे जंतू मेले होते. दुसऱ्या बशीत रिंगणच नव्हतं. साय थेट टिकलीला जाऊन चिकटली होती.

"यह किसकी है?" बिट्टूने विचारलं. त्याला मराठी कळायचं, बोलायचा मात्र हिंदीत.

"तुझ्याएवढाच पोट्टा आहे. वर वॉर्डात. ताप उतरून नाही राहिला."

"तो अब?"

"आता डॉक्टर दुसरं औषध शोधून राहिले."

"और वो भी नहीं चला तो?"

काकांनी बशा उचलून जागेवर ठेवल्या आणि आम्हाला हात धुवायला लावले. साबणाने, दोनदा. वॉर्डातला तो मुलगा पुढे बरा झाला, पण त्याला सव्वा महिना लागला. ती बातमी सांगायला काका आम्हा मुलांच्या घरांचे तिन्ही जिने चढून-उतरून आले होते.

त्यानंतर आम्ही नाटक बसवलं. चंदीगडची मराठी मंडळी मिळून गणपती बसवत, तिथे एका संध्याकाळी आम्हाला अर्धा तास मिळाला. लिहिलं काकांनी, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत. माझा भाऊ रोगी. आम्ही चौघी लाल-काळ्या कागदाचे झगे घातलेल्या कॅप्सूल. बाकीचे जंतू आणि त्यांचा म्होरक्या पहिलवान जंतू म्हणजे बिट्टू. काजळाच्या मिशा, अंगाला तेल. पहिल्या अंकात रोगी तिसऱ्या दिवशी औषध सोडतो आणि पहिलवान माजतो. दुसऱ्या अंकात रोगी कोर्स पूर्ण करतो आणि पहिलवानासकट सगळे मरतात. असं ठरलं होतं.

पहिल्या अंकात बिट्टूने मांडीवर थाप मारली आणि टाळ्या पडल्या. तिथेच घात झाला. दुसऱ्या अंकात बाकीचे जंतू शहाण्यासारखे मेले. मी सातव्या, म्हणजे शेवटच्या दिवसाची कॅप्सूल. मी बिट्टूला हाणलं, तो उभा. पुन्हा हाणलं, तो उभाच. पडद्याआडून काकांचा आवाज आला, "मर ना बाप्पा." प्रेक्षकांपर्यंत तो नीट पोचला.

"नहीं मरता जी," बिट्टू म्हणाला. "पहले अंक में तगड़ा किसने किया मुझे? आप लोगों ने. अब कैसे मरूँ?"

लोक हसून हसून पुढच्या खुर्च्यांवर वाकले. मी रडायच्या बेतात होते. इतक्यात काका इस्पितळाचा पांढरा कोट घालून स्वतःच रंगमंचावर आले. आता बिट्टूचा कान पिळला जाणार, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. काका त्याच्या शेजारी उभे राहिले आणि लोक गप्प होईपर्यंत थांबले.

"नाटकात हा मरणार होता," ते म्हणाले. "पण पोट्टा बरोबर बोलून राहिला. एकदा तगडा झाला की तो मरत नाही. मी रोज पाहतो. मीच चुकीचं लिहिलं होतं. म्हणून जे काय नीट वागायचं, ते पहिल्या अंकात वागा. नाटक संपलं."

एवढ्या टाळ्या त्या गणपतीत आरतीलाही पडल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बीजी बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन जिना चढून काकांकडे गेल्या. आम्ही मागोमाग. डब्यात रंगीबेरंगी कॅप्सूल होत्या, काही तर एकमेकींना चिकटलेल्या.

"लै, पांडेजी," बीजी म्हणाल्या. "मैं तां ज़ुकाम विच इक-इक खा लैंदी सी." सर्दी झाली की त्या एकेक खायच्या म्हणे.

"बीजी, ज़ुकाम वाले जंतू को ये कॅप्सूल सुनाई ही नहीं देती. बहरा है वो."

बीजींना ते पटलं. पुढे त्या साऱ्या गल्लीला 'बहरा है' म्हणून सांगत सुटल्या, आणि काकांना बारा वर्षांत जमलं नव्हतं ते त्यांनी एका हिवाळ्यात केलं. आम्हीही कामाला लागलो. कुणाच्या घरी ताप आला आणि डॉक्टरने कॅप्सूल दिल्या की आमच्यातला एक जण रोज दार वाजवायचा. आधी लोक वैतागत. मग वाट पाहू लागले, चहाला बसवू लागले.

जानेवारीत काकाच आजारी पडले. न्यूमोनिया. आठवडाभर धुकं होतं आणि त्यांचा खोकला समोरच्या जिन्यावरून आमच्याकडे ऐकू यायचा. काकूंना कळवू नका म्हणाले, तिच्या दहावीच्या मुलींची परीक्षा जवळ आली आहे. डॉक्टरांनी सात दिवसांच्या कॅप्सूल लिहून दिल्या. सकाळची आणि रात्रीची आई द्यायची, दुपारची ते स्वतः घ्यायचे, चारची शाळेतून आल्यावर बिट्टू आणि मी. कॅप्सूल घेऊन झाली की काका आम्हाला बसवून घेत. शेंगा फोडत आणि शाळेत काय झालं ते बारकाईने विचारत. कोण कुणाशी भांडलं, मास्तर काय म्हणाले, डब्यात काय होतं. मधेच बोलणं संपलं, तर पुन्हा पहिल्यापासून विचारत.

सातवा दिवस झाला. ताप गेला, खोकलाही गेला. आई म्हणाली, संपलं एकदाचं. पण काका आम्हाला म्हणाले, "चारची अजून काही दिवस घ्यायला सांगितली आहे डॉक्टरांनी. फक्त चारची."

नवव्या दिवशी पुडी मी उघडली. कॅप्सूलचा रंग थोडा वेगळा होता. नाकाजवळ नेली आणि ओळखली. आमच्या घरी बाबा ताकदीसाठी रोज घेत, त्या बी-कॉम्प्लेक्सचा तो वास, दुसऱ्या कशाचाही नाही. मी मान वर केली. काका खिडकीशी बसून शेंगांचे तीन सारखे वाटे करत होते. माझ्याकडे पाहत नव्हते.

"काका, और कितने दिन है?" बिट्टूने विचारलं.

"पाहू," ते म्हणाले. "मंडळी चिवट आहेत."

मी कॅप्सूल त्यांच्या हातावर ठेवली आणि पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी ती नीट, डोळे मिटून गिळली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना कडकडीत ऊन पडलं होतं. मैदानावर मुलं जमली होती, बिट्टूच्या हातात बॅट होती. तो म्हणाला, "पांडेजी तो ठीक हो गए. आज भी जाना है?"

"जाना है," मी म्हटलं. "कोर्स बाकी है."