बू मिशारींची नजर आणि रेडिएटरचा पंखा

पंखा फिरला असता तर घानिमला बायको मिळणार होती आणि मला शुक्रवारचं जेवण. दोन्हींत जास्त टिकाऊ काय, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

जेवणाचं असं आहे, की माझी थोरली बहीण मोझा हमूर माशाचा मसालेभात करते तेव्हा शेजारची मांजरं गुरुवारपासूनच भिंतीवर जागा धरून बसतात. सव्वीस वर्षं दर शुक्रवारी तिथे माझं ताट असायचं. चार महिन्यांपूर्वी मी तिचा गिझर दुरुस्त केला आणि ताट बंद झालं. गिझर छतातून वर गेला, एवढंच सांगतो. तपशिलात शिरत नाही.

म्हणून तिच्या मुलाचा, घानिमचा, फोन आला तेव्हा मला आनंदच झाला.

"मामा, मोटरसायकलचा पंखा फिरत नाहीये. रेडिएटरचा. सिग्नलला उभा राहिलो की लाल दिवा लागतो."

"काळजी सोड!" मी म्हणालो. "एकतीस वर्षं मुहर्रकच्या बर्फाच्या कारखान्यात काढली आहेत. गार करणं हा आपला धंदा आहे!"

मी तिथे स्टोअरकीपर होतो. सुटे भाग मोजून ठेवायचे, मागेल त्याला मोजून द्यायचे. ते कुठे बसवतात हे विचारायची वेळ कधी आली नाही. पण हे काही फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

घाई होती ती वेगळ्या कारणासाठी. घानिमला घायाशी लग्न करायचं होतं आणि घायाचे वडील बू मिशारी हे अग्निशमन दलातून निवृत्त झालेले गृहस्थ. मिशा अशा, की दोन्ही टोकांना एकेक कंदील टांगावा. शनिवारी ते मोझाकडे आले, मुलाकडे एकदा पाहिलं, मोटरसायकलकडे चारदा पाहिलं आणि निकाल दिला.

"माझी मुलगी याच्या मागे बसणार. तर तिच्याआधी मी बसणार! गुरुवारी, ऊन कललं की, असरच्या नमाजानंतर. झल्लाकच्या किनाऱ्यापर्यंत जायचं आणि यायचं. गाडी आणि मुलगा, दोघंही न तापता परत आले तर माझा होकार."

जाताना त्यांनी गाडीच्या टाकीवरून हात फिरवला. "वा! काय देखणी गाडी आहे!" म्हणाले. आणि पुढे काहीच म्हणाले नाहीत. नजर लागू नये म्हणून म्हणतात ते माशाल्लासुद्धा नाही! दारात उभ्या मोझाचा चेहरा पांढरा पडला.

रविवारी दुपारी पहिल्याच सिग्नलला पंख्यानं मान टाकली.

सोमवारी मी हत्यारांची पेटी घेऊन हजर झालो. आधी फ्यूज पाहिला. उडालेला! नवा घातला, गाडी अंगणात चालू ठेवली. जुलैचा महिना, सावलीतसुद्धा चव्वेचाळीस. तापमानाचा काटा चढत गेला.

"आता बघ," मी म्हणालो. "आता पंखा फिरेल."

टक्. फ्यूज गेला. दुसरा घातला. टक्. तिसराही गेला.

"दृष्ट!" खिडकीतून मोझा म्हणाली.

"फ्यूज आहे तो, मोझा."

"दृष्टीनंच उडतोय. मी काल तुरटी जाळून पाहिली. फुगली, फुगली आणि तिचा आकार कसा झाला, माहीत आहे? मिशांसारखा!"

"अगं, जळलेली तुरटी कशाहीसारखी दिसते."

"गिझरसारखी नाही ना दिसली?" ती म्हणाली आणि खिडकी लावून घेतली.

हा टोमणा मला झोंबला. मी शांत डोक्यानं विचार केला. फ्यूज पुन्हा पुन्हा उडतोय याचा अर्थ काय? फ्यूज अशक्त आहे! पोतं फाटत असेल तर माणूस जाड पोतं आणतो. मी दहा अँपिअरचा फ्यूज काढून पेटीतला तीसचा घातला. काटा चढला, मी कान टवकारले, आणि रेडिएटरच्या मागून 'घूंऽऽ' असा भरदार आवाज आला. फ्यूज जागचा हलला नाही!

"झालं!" मी हात झटकले.

घानिमनं रेडिएटरसमोर तळहात धरला. "मामा, वारा येत नाहीये."

"वारा आत ओढला जातो. बाहेर कसा येईल?"

"आणि हा वास?"

"नव्या कामाचा वास आहे तो. आमच्या कारखान्यात रोज यायचा."

वास वाढायच्या आत मी गाडी बंद केली. विजय मिळाल्यावर रणांगणावर फार वेळ थांबू नये.

बुधवारी बू मिशारी गुरुवारचं नक्की करायला आले. वेलची-केशराची कॉफी आली, खजूर आले. आता आमच्याकडे पाहुण्याचा पेला रिकामा झाला की भरायचा, झाला की भरायचा. पाहुण्यानं पेला हातात डावी-उजवीकडे हलवला की समजायचं, बस. न हलवता पेला काढून घेणं म्हणजे पाहुण्याला हाताला धरून उंबऱ्याबाहेर सोडणं. हे शेंबडं पोरही जाणतं.

आणि मोझानं बू मिशारींचा दुसरा पेला अर्धा भरलेला असतानाच त्यांच्या बोटांतून काढून घेतला! खजुराच्या चोखलेल्या तीन बियाही बशीसकट उचलल्या आणि आत गेली ती बाहेर आलीच नाही.

बू मिशारी आपल्या रिकाम्या बोटांकडे पाहत बसले. मग उठले, चपला घातल्या आणि गेले.

अर्ध्या तासात घायाचा फोन. घानिमचा चेहरा पाहून मला वाटलं, काटा आता याचाच चढतोय. "ती म्हणते, बाबा म्हणतात, आपण त्यांना हाकललं! आई, असं का केलंस?"

"बाळा, ज्याची दृष्ट लागते त्याचंच उष्टं पाणी उतारा असतं. आता ते मी त्यांच्याकडे मागायला हवं होतं का? 'बू मिशारी, तुमची नजर वाईट आहे, जरा अर्धा पेला उष्टा द्या'?"

घानिम डोकं धरून खाली बसला. मी म्हटलं, हे काम माझं. बू मिशारींच्या घरी गेलो आणि अशा वेळी जे सुचतं ते बोललो.

"गैरसमज झाला. मोझाला तुमच्या तब्येतीची काळजी वाटली. म्हणाली, या वयात एवढी कॉफी बरी नाही."

"या वयात?" बू मिशारी उभे राहिले. "तिला कोणी सांगितलं मी आजारी आहे? तू सांगितलंस?"

"नाही, म्हणजे..."

"मी ऐंशी किलोचा माणूस खांद्यावर टाकून सहा मजले उतरलोय! उद्या असरनंतर. बघू कोण आजारी आहे ते!"

मी परत येऊन सांगितलं, "जमवलं."

गुरुवारी दुपारी मोझा अंगणात आली. हातात झाकलेला तांब्या. स्वर एकदम गोड. "शाहीन, ही गाडी पाणी कुठून पिते रे?"

बहिणीला यंत्रांत रस! मला भरून आलं. "ही बघ छोटी टाकी. इंजिन तापलं की इथलं पाणी आत-बाहेर करतं."

"अस्सं," ती म्हणाली. मी माझी पिकअप बाहेर काढायला गेलो.

असरनंतर निघालो. पुढे घानिम, त्याच्या मागे बू मिशारी, छाती काढून, जणू सलामी घ्यायला चाललेत. मागे पिकअपमध्ये मी आणि मोझा. तिच्या मांडीवर कॉफीची सुरई आणि खाण्याचा डबा. गाडी पळत होती तोवर ठीक. वारा लागत होता. पहिला सिग्नल हिरवा मिळाला, दुसराही मिळाला. तिसरा लाल. आमच्यापुढे वाळूचे दोन ट्रक, आणि तो सिग्नल हलायचं नाव घेईना!

आधी एक बारीक शिट्टी आली. मग गाडीच्या पोटातून वाफेचा असा लोट उठला, की बू मिशारींच्या मिशा त्यात दिसेनाशा झाल्या.

"उतरा! आधी तुम्ही!" घानिम ओरडला. त्यानं एका हातानं गाडी सावरली आणि दुसऱ्या हातानं बू मिशारींना बखोटीला धरून खाली घेतलं. मग स्वतः उडी मारली.

मी पाण्याची बाटली घेऊन धावलो.

"थांब!" बू मिशारी गरजले. "तापलेल्या इंजिनावर गार पाणी? वेडा आहेस का तू?" त्यांनी गाडी कडेला घ्यायला लावली, वाहतूक दुसऱ्या बाजूनं काढली आणि मग थबकले. नाक वर केलं. एकदा हुंगलं, दोनदा हुंगलं.

"वेलची," ते म्हणाले. "आणि केशर!"

मोझा पिकअपमधून उतरली नाही.

गाडी गार झाल्यावर त्यांनी टाकीचं झाकण उघडलं आणि आत बोट घालून एक खजुराची बी बाहेर काढली. ती तळहातावर ठेवून बराच वेळ पाहिली. माणूस स्वतःच्या दातांच्या खुणा ओळखतो. मग गुडघ्यावर बसून, टॉर्च लावून त्यांनी रेडिएटरच्या मागे हात घातला आणि काहीतरी उपटून काढलं. काळपट कापडाची पुरचुंडी होती, तिची दोरी पंख्याच्या पात्यांना तीन वेढे घालून बसलेली. आत तुरटीचा खडा.

"ही कोणी बांधली?"

मोझा खाली आली. "मी."

"कधी?"

"शनिवारी. तुम्ही गेलात त्याच घटकेला."

"आणि पंखा कधी बंद पडला?"

"रविवारी."

ट्रकवालेसुद्धा माना काढून ऐकत होते.

"म्हणजे, उम्म घानिम," बू मिशारी घानिमच्या आईला सावकाश म्हणाले, "माझ्या नजरेनं नाही, तुमच्या पुरचुंडीनं पंखा अडकला."

मोझानं क्षणभर विचार केला. "पण तुम्ही माशाल्ला म्हणाला असतात, तर मी पुरचुंडी बांधली असती का? नजर लागली म्हणून बांधली, बांधली म्हणून अडकला. झाली की नाही नजर खरी?"

तीस वर्षं आगीशी झुंजलेला माणूस, पण या युक्तिवादाला पाणी कुठून मारायचं ते बू मिशारींना कळेना. मग त्यांच्या मिशा थरथरायला लागल्या आणि ते मांडीवर थाप मारून हसले.

"आणि पेला त्यासाठी पळवलात? मी काल रात्रभर झोपलो नाही. मला वाटलं, माझी मुलगी नको आहे तुम्हाला!"

"मुलगी नको? माझा मुलगा चार दिवस जेवला नाहीये!"

"मुलाचं म्हणाल तर," बू मिशारी घानिमकडे वळले, "गाडीतून वाफ निघाली तेव्हा यानं आधी मला उतरवलं. मी तेवढंच बघायला आलो होतो. गाडी तापली, मुलगा नाही तापला. अर्धी अट पुरी. उरलेली अर्धी मी सोडली."

मी पुढे होऊन घानिमची पाठ थोपटणार, इतक्यात बू मिशारी पुन्हा गाडीवर वाकले. "पण एक कळत नाही. पात्यात दोरी अडकली तर फ्यूज उडतो. म्हणून तर तो असतो. मग ही मोटर जळून कोळसा कशी झाली?" त्यांनी फ्यूजची डबी उघडली. "तीसचा? दहाच्या जागी तीसचा! हा कोणी घातला?"

तीन जणांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. दृष्ट लागणं म्हणजे नेमकं काय, ते मला तिथे उभ्या उभ्या समजलं. मोझानं सुरईतून पेला भरला आणि बू मिशारींना दिला. या वेळी त्यांनी तो चार वेळा भरून घेतला आणि मग कुठे हलवला.

आता जमाखर्च. घानिमला बायको मिळाली. मोझाची नजरेची विद्या सिद्ध झाली, असं मोझा म्हणते. बू मिशारी हल्ली कशाचंही कौतुक करताना आधी माशाल्ला म्हणतात, मग वस्तू बघतात. नवी मोटर, जळलेल्या तारा आणि वेलचीचा वास जाईपर्यंत सात वेळा बदललेलं कूलंट माझ्याकडून.

आणि शुक्रवारचं जेवण पुन्हा सुरू झालंय. माझ्या जागेवर बू मिशारी बसतात. मासे मी पोचवतो.