सोपानतात्यांच्या लाइनीतला बिघाड

टेलिफोन खात्यातले आमचे लाइनमन सोपानतात्या खांबाला कान लावायचे. भिगवणहून डाळजकडं जाताना मध्येच सायकल उभी करायची, टोपी मागं सरकवायची आणि लोखंडी खांबाला गाल चिकटवून डोळे मिटायचे. एसटीतली माणसं खिडकीतून वाकून बघायची. मी त्यांच्या हाताखाली नवा होतो. मला तर मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

“बाळू, फुडच्या तिसऱ्या खांबावं कावळ्याचं घरटं हाय. त्यात तारंचा तुकडा हाय.”

जाऊन बघावं तर खरंच घरटं, आणि खरंच तार. सकाळी एसटीतून येतानाच तात्यांनी ते बघून ठेवलेलं असायचं, असा मला आजही दाट संशय आहे. पण संशय घ्यायलाही त्यांनीच शिकवलं. “बघून आल्याबिगार खरं न्हाय,” हे त्यांचं पालुपद. साहेबांनी लाइन चालू झाल्याचं सांगितलं तरी तात्या सायकल काढणार. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, घरातून ‘दूध उतू गेलं’ म्हणून ओरडल्या, तरी हे आधी उठून चुलीपाशी जाऊन खात्री करणार आणि मग हळहळणार.

दांडी फिरवायचा फोन त्यांनी पाहिला, मग तबकडीचा, मग बटणांचा. प्रत्येक नवा फोन आला की उघडून बघायचे आणि “आत कमी कमीच हुत चाललंय” म्हणून झाकण लावायचे.

नव्वद सालानंतर आमच्याकडं इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आलं. वातानुकूलित खोली, आणि आत जायचं तर चपला बाहेर काढून.

“चपला काढायच्या म्हंजी देऊळच की,” तात्या दारातच म्हणाले. “आन मशिनीला गारवा, आमाला ऊन.”

आत जाऊन त्यांनी त्या उंच कपाटावर बोटानं टकटक केलं, कान लावला, बराच वेळ ऐकलं. साहेब हसू दाबून उभे. तात्यांनी निकाल दिला, “रिकामं हाय. फसिवलं तुमाला.”

पुढं महामार्गाच्या कडेनं काचेची तार पुरायला लागले. त्यातून आवाज उजेड होऊन जातो, असं साहेबांनी समजावलं. तात्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“सायेब, उजेडात आवाज असता तर दुपारी आमचं कान फुटलं असतं.”

आणि मग संगणक आला. भिगवणात बसून नंबर दाबायचा, की डाळजची लाइन ठीक आहे की नाही ते पडद्यावर उमटायचं. तात्यांनी एकच विचारलं, “बघून कोण आलं?” त्याच वर्षी ते निवृत्त झाले आणि डाळजच्या घरी त्यांना फोन मिळाला.

त्यानंतर वर्षभरात काकू गेल्या. मुलगा सुरतेला नोकरीला. तो रविवारी फोन करायचा.

आणि तात्यांच्या तक्रारी सुरू झाल्या. एकदा घंटी वाजत नाही, एकदा खरखर येते, एकदा तर “आवाज लई लांबनं येतोय.” सुरतेहून येतो म्हटल्यावर लांबूनच येणार! मी प्रत्येक वेळी जायचो. फोन ठणठणीत असायचा. तात्या अंगणातल्या खांबाला मला कान लावायला लावायचे, चहा पाजायचे, काकूंनी लावलेल्या कढीपत्त्याच्या दोन फांद्या पिशवीत कोंबायचे. माझा अख्खा दुपारचा वेळ जायचा. नव्या मशिनीला खोटं पाडायचा त्यांनी विडा उचललाय, अशी माझी खात्री झाली होती. मी साहेबांना तसं सांगूनही टाकलं.

मग वरून हुकूम आला. आधी संगणकावर तपासा, लाइन ठीक दिसली तर तक्रार बंद करा, फेरी मारू नका. तात्यांच्या चार तक्रारी मी जागेवर बसूनच बंद केल्या.

पाचव्यांदा त्यांचा फोन आला. “बाळू, कोण बघून गेलं?”

“तात्या, काम्पुटरनं बघितलं.”

तात्या म्हणाले, “मंग त्यानं चा घेतला का?”

मी हसलो. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, तेही हसले.

पुढच्याच आठवड्यात तात्यांची तक्रार आली, तीही रस्त्यावरच्या एसटीडी बूथवरून. मी सवयीनं नंबर दाबला, तर पडद्यावर बिघाड. लाइन तुटलेली. आता जाणं भागच होतं.

अंगणात तात्या पाठमोरे उभे होते. ओसरीवर, भिंतीवरच्या फोनच्या डबीचं झाकण मी उघडलं. दोन्ही तारा स्क्रूतून निघालेल्या होत्या. तुटल्या नव्हत्या. टोकं कशी स्वच्छ सोललेली, स्क्रू ज्या दिशेनं आवळतो त्या दिशेनं आकडे वळवलेले, आणि गंज लागू नये म्हणून त्यांना चिकटपट्टी गुंडाळलेली. असा आकडा आमच्या सबंध विभागात एकच माणूस वळवायचा. मला तो वळवायला त्यानंच शिकवलं होतं, जमेना तेव्हा पकडीनं बोटावर टोलाही दिला होता.

बाजेवर दोन कप मांडून ठेवले होते. आत पाणी उकळत होतं.

मला माझीच लाज वाटली. या माणसाची मशिनीशी काही दुश्मनी नव्हती. तीस वर्षं तक्रार आली की तो उन्हातान्हात लोकांच्या दारात गेला. तक्रार केली की माणूस येतो, एवढंच त्याला ठाऊक होतं. आणि मी ऑफिसात बसून हसत होतो.

मी चिकटपट्टी काढली, तारा जोडल्या, झाकण लावलं. तात्या चहा घेऊन आले. माझ्याकडं न बघता विचारलं, “काय व्हतं रं?”

“उंदीर हुता, तात्या.”

“व्हय. उंदरं लई झाल्यात हितं.”

आम्ही चहा प्यायलो. मला घाई नव्हती. दुसरा कप मी मागून घेतला.

“परत येत्याल का वो उंदरं?” मी विचारलं.

तात्यांनी बशीत चहा ओतला, त्यावर फुंकर घातली आणि थोडा विचार केला.

“येत्याल की,” ते म्हणाले. “बुधवारी.”

मी खिशातली डायरी काढून बुधवार लिहून घेतला.