गुंडूअण्णांची शार्दोने

मळमड्डीत आमच्या शेजारी राहणारे भूगोलाचे मास्तर गुंडूअण्णा एकादशीला चहासुद्धा घेत नसत. पण आमच्या सत्यनारायणाला तीर्थ तोंडात टाकून ते गुरुजींना म्हणाले, "फार गार झालंय. शार्दोनेसुद्धा इतकी गार करत नाहीत. वास मरतो, माहीत आहे काय? गोत्तैतेनु?"

गुरुजींची पळी हवेतच राहिली.

"शार्दोने म्हणजे काय हो अण्णा?" माझ्या बायकोनं भाबडेपणानं विचारलं.

"पांढरी वाईन! द्राक्ष एकच, पण फ्रान्सात शाब्लीकडं थंडी, जमीन चुनखडीची. तिथली हिरव्या सफरचंदासारखी आंबट, धारदार. कॅलिफोर्नियात ओकच्या लाकडी पिंपात मुरवतात, ती लोण्यासारखी. ऑस्ट्रेलियात ऊन फार, तिथली पिकल्या फळासारखी. गोत्तैतेनु?"

शिऱ्याचा द्रोण हातात धरून आई मटकन खाली बसली. संध्याकाळपर्यंत अख्ख्या मळमड्डीला कळलं, भूगोलाचे मास्तर पितात.

सगळ्यांत जास्त हादरलो मी. नववीत विडीच्या थोटकासकट पकडून याच माणसानं मला तासभर अंगठे धरायला लावले होते.

रविवारी सकाळी त्यांच्याकडं गेलो. टेबलावर नकाशांचं पुस्तक आणि एक वही. वहीत सुवाच्य अक्षरात रकाने: देश, माती, पाऊस, चव.

"अण्णा, खरं सांगा. कधीपासून घेताय?"

"शी! वेड लागलंय काय तुला?"

"मग चव कशी कळते?"

"ॲमेझॉन शिकवायला मी ब्राझीलला गेलो होतो काय रे?"

तेवढ्यात त्यांच्या पत्नी, इंदिराक्का, चहा घेऊन आल्या. त्यांनीच हळूच सांगितलं, "आमचा सुधीर ऑस्ट्रेलियात वाईन करतो. कळलं तेव्हा हे फोनवर म्हणाले, दारू गाळणारा माझा मुलगा नव्हे. तीन वर्षं बोलले नाहीत. मग एक दिवस लायब्ररीतनं द्राक्षांचं पुस्तक घेऊन आले."

अण्णा वहीत डोकं घालून बसले होते.

फोन वाजला, सुधीरचा. अक्का दोन मिनिटं बोलल्या आणि त्यांनी रिसीव्हर अण्णांपुढं धरला. अण्णा उठून उभे राहिले. सदऱ्याची गुंडी लावली.

"हं. तोडणी सुरू झाली काय? साखर किती भरली? पिंपं नवी घेतलीस? सगळी नवी नको रे, नुसतं लाकूड लागतं तोंडाला. हं. हं. ठेवतो."

एका दमात पंधरा मिनिटं. मी थक्क होऊन ऐकत होतो. रिसीव्हर ठेवून अण्णांनी घड्याळाकडं पाहिलं.

"तिथं आत्ता दुपार असेल," ते म्हणाले. "जेवलास काय, एवढं विचारायचं राहिलंच बघ."

"मग लावा की परत."

"काय म्हणून लावू, वसंता? द्राक्षांचं सगळं बोलून झालं."