शिकागो की ह्यूस्टन

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या सुपरमार्केटात आमचे शेजारी वानखेडेकाका फ्लॉवरचा गड्डा उचलतात, उलटसुलट करून पाहतात आणि म्हणतात, "शिकागोत महाग पडते हा. ह्यूस्टनले परवडते." काका अमेरिकेला एकदाही गेलेले नाहीत.

काका मूळचे नागपूरचे. त्यांची मुलगी मिताली इथेच वाढली, आता शिकागोत नोकरी करते. ह्यूस्टनमधून तिला दुसऱ्या नोकरीचं बोलावणं आलंय. जावं की राहावं, याचा निकाल काकांनी अंगावर घेतला आहे. दर रविवारी फोनवर सुनावणी होते. घरभाडं झालं, वीज झाली, अंडी झाली. "बारीकसारीकात माणूस बुडते, भाऊ," असं ते मला नेहमी बजावतात.

मला चुकीचा हिशोब सहन होत नाही आणि रेंगाळलेलाही नाही. परवा रविवारी त्यांच्याकडे बसून मीच तो पुरा केला. ह्यूस्टनला गाडी लागणार, एसी जास्त चालणार, हे सगळं धरलं. तरी तिथे भाडं कमी आणि राज्याचा आयकर नाही.

"काका, ह्यूस्टन. विषय संपला."

"केसांची कटिंग राहिली."

"कटिंगनं काय फरक पडणार?"

"दाताचा डॉक्टर?"

"धरला."

"कुत्रा पाळला तर?"

"तिला कुत्र्यांची अ‍ॅलर्जी आहे, तुम्हीच सांगितलंत!"

"मग मांजर धरा."

मी हसलो. काका हसले नाहीत.

"मितालीची आई होती, तोवर फोन तीच घ्यायची. मी मागून विचारायचो, पैसे आहेत ना? बस. आता पोरगी तासभर माझ्याशी बोलते. तुम्ही काहून संपवून राहिले, भाऊ?"

तेवढ्यात फोन वाजला. काकांनी स्पीकर लावला.

"बाबा, मी डिसाइड केला. ह्यूस्टन."

"बरं केलं," काका म्हणाले आणि चष्मा पुसू लागले. तो बराच वेळ स्वच्छ होईना. हिशोब बरोबर आल्याचं मला आयुष्यात प्रथमच वाईट वाटलं.

"पण बाबा, घर कुठे घेऊ? ऑफिसजवळ महाग, आणि लांब घेतला तर पेट्रोल. तुम्ही बघून सांगा ना. मला नाही जमत एकटीला."

काकांनी खुर्ची पुढे ओढली.

"थांब, घाई नको करू. पहिले सांग, त्या बाजूले कोथिंबीर कशी आहे?"

"बाबा, मी अजून गेले पण नाही तिकडे!"

"अंदाजे सांग."

मी दार हळूच ओढून घेतलं.