क्लोजअपचे हात

“सर, तुमचे हात चालणार नाहीत,” दिग्दर्शिका म्हणाली.

डॉक्टर तेव्हा त्याच हातांनी कोल्ह्याच्या पिलाला बाटलीने दूध पाजत होते. तीस वर्षं वन्यप्राण्यांवर उपचार केलेले हात ते! अंगठ्यावर अस्वलाची सही, मनगटावर मगरीची, आणि करंगळीचं टोक एका रानमांजराने आठवण म्हणून कायमचं ठेवून घेतलेलं.

“चालणार नाहीत म्हणजे?”

“चेहरा छान येतो हो. पण क्लोजअपमध्ये हात दिसले की लोक चॅनेल बदलतात. जेवणाची वेळ असते ना.”

“मग हातमोजे घालतो.”

“हातमोज्यांत माया दिसत नाही, सर.”

दुसऱ्या दिवशी उपचार केंद्राच्या दाराबाहेर दिग्दर्शिकेने बोलावलेला एक मिशीवाला चाळिशीचा गृहस्थ दोन्ही हात छातीशी धरून उभा राहिला. साबणाच्या आणि घड्याळांच्या जाहिरातींत त्याचे नुसते हात झळकत.

“दार उघडता का कुणी?” तो आतल्या लोकांना म्हणाला. “कडीला हात लावणं आम्हाला बंद आहे.”

दार डॉक्टरांनीच उघडलं. तिथपासून त्यांचं डोकं तापलं ते तापलंच. घुबडाच्या पंखाला घाम गाळून टाके घातले डॉक्टरांनी, आणि पडद्यावर त्या पंखावरून फिरला हातवाल्याचा लोण्यासारखा पंजा. बायको आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याचा कार्यक्रम शेवटपर्यंत बघत बसली.

“अगंबाई, काय देखणे हात! घरी असताना कुठे ठेवता हे?”

“माझे नाहीत ते!”

“तरीच म्हटलं.”

डॉक्टरांनी रागारागाने कार्यक्रमाचा राजीनामा लिहिला आणि सकाळी तो घेऊनच ते केंद्रात शिरले. पण तिथे आत्याबाईंनी चौथ्या दिवशीही अन्नाला तोंड लावलेलं नव्हतं. आत्याबाई म्हणजे केंद्रातली सगळ्यात म्हातारी चिंपांझी. दाढ किडून गाल टम्म सुजलेला. भूल द्यावी तर या वयात ती पुन्हा जागी होईल याची खात्री नाही. दाढ हलत होती. तिने नुसता आ केला असता तरी काम झालं असतं. पण डॉक्टर दिसले की तिचं तोंड घट्ट मिटे. उघडलंच, तर गालात साठवलेलं पाणी त्यांच्या चष्म्यावर सोडण्यापुरतं.

“बघा, बघा हा कृतघ्नपणा!” डॉक्टर चष्मा पुसत कडाडले. “न्यूमोनियातून हिला मी वाचवली! रात्री जागवल्या!”

“सुयाही तुम्हीच टोचल्या असतील,” हातवाला हळूच म्हणाला. क्लोजअपसाठी तो गजांपाशी येऊन बसला होता.

आत्याबाईंनी त्याचा हात हुंगला. उलटापालटा करून पाहिला. मग तो सुजलेल्या गालावर ठेवला, आणि भलामोठा आ केला.

डॉक्टर चिमटा घेऊन धावले. आ मिटला. चष्मा पुन्हा ओला.

शेवटी डॉक्टर हातवाल्याच्या पाठीमागे गुडघ्यांवर दडून बसले. “डावीकडची शेवटची दाढ. दोन बोटांत धरा.”

“अहो डॉक्टर, हे हात नुसते बघायचे आहेत हो!”

“धरा म्हणतो ना! चार दिवस उपाशी आहे बिचारी!”

“आणि चावली तर?”

“टाके मी उत्तम घालतो. हलवा! आता ओढा!”

हातवाल्याने डोळे मिटले आणि ओढली. दाढ हातात आली. आत्याबाईंनी जीभ फिरवून तिथली मोकळी जागा तपासली, त्याच्या हाताला गाल घासला आणि एका बैठकीत अकरा केळी खाल्ली. बारावंही खाल्लं म्हणतात, पण उगाच वाढवून कशाला सांगा!

कॅमेऱ्यामागे दिग्दर्शिका आनंदाने नाचत होती. “काय माया! काय भाव! उद्या अस्वल घेऊ, परवा लांडगा. हात हेच!”

“खबरदार!” डॉक्टर असे गरजले की शेजारच्या पिंजऱ्यातला बिबळ्या उठून आत गेला. “हा माणूस पुन्हा कॅमेऱ्यापुढे येणार नाही! तुमच्या दिव्यांनी हात भाजले, रंगरंगोटीने कातडी बिघडली, तर मी दुसरा कुठून आणू? उद्यापासून हे माझ्या दवाखान्यात!”

“अहो, मग क्लोजअपला काय करू, सर?”

डॉक्टरांनी बाह्या वर सारल्या आणि हात तिच्या नाकासमोर धरले.

“दाखवायला हे घ्या. त्यांचे कामाचे आहेत.”