घड्याळवाल्यासारखा दुसरा सिनेमा

यंदा लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला तुला काय हवं, असं मी मंगलाला विचारलं. एवढंच. (एकोणतीस वर्षं विचारलं नव्हतं आणि सगळं सुरळीत चाललं होतं.)

"साडी नको, हॉटेल नको," ती म्हणाली. "आपल्या त्या घड्याळवाल्या पिक्चरसारखा दुसरा एखादा जुना पिक्चर शोधा. आणि माझ्याशेजारी बसून बघा."

घड्याळवाला पिक्चर म्हणजे आमच्या घरातलं दैवत. काळा-पांढरा. नायक गरीब घड्याळजी, आणि नायिका चांगलं चालणारं घड्याळ मुद्दाम बिघडवून रोज त्याच्याकडे घेऊन येते. लग्नानंतर अठराव्या दिवशी आम्ही तो इथंच, बुऱ्हाणपुरात, टॉकीजला पुन्हा लागला होता तेव्हा पाहिला. आम्ही म्हणजे आम्ही दोघं, आई, काका, काकू, आत्या अशी एकूण अकरा माणसं. त्यानंतर मंगलाने तो टीव्हीवर, सीडीवर आणि मोबाईलवर मिळून किमान बावीस वेळा पाहिला आहे.

"बस्स? तीन दिवसांत आणतो!" मी म्हणालो. कॉलेजच्या ऑफिसात सत्तावीस वर्षं जुन्या फायली शोधतोय मी, सिनेमा काय चीज आहे!

मी रीतसर फुलस्केपवर मुद्दे काढले. रंग: काळा-पांढरा. नायक: गरीब. नायिका: दोन वेण्या. मृत्यू: निरंक.

"पप्पा, पिक्चर ढूंढ रहे हो या टेंडर निकाल रहे हो?" आमची मुलगी पल्लवी म्हणाली. पण मोबाईलवर जुने सिनेमे कसे शोधायचे, ते तिनेच दाखवलं.

पहिल्या सिनेमात नायक खोकून खोकून मध्यंतराआधीच गेला. त्या संध्याकाळी वरण अळणी होतं. दुसऱ्यात शेवटच्या पाच मिनिटांत नायक-नायिका सख्खे बहीण-भाऊ निघाले. मंगला "शी!" म्हणून उठून गेली. तिसरा इतका जुना, की त्यात कुणी बोलतच नव्हतं. पडद्यावर नुसते हातवारे, आणि आवाज म्हणाल तर शेजारच्या गल्लीतल्या पॉवरलूमची खटखट. नायिका ढसाढसा रडत होती तेव्हा मंगला घोरत होती.

"अगं, त्या पिक्चरमध्ये तुला नेमकं आवडतं तरी काय?" मी शेवटी कंटाळून विचारलं.

मंगला चक्क लाजली. (हे मी शेवटचं कधी पाहिलं, आठवत नाही.) "इंटरव्हलनंतर तो तिच्या मनगटावर घड्याळ बांधतो ना, तेव्हा अंधारात तुम्ही माझा हात धरला. पिक्चर संपेपर्यंत सोडला नाही. आठवतं ना?"

मला आठवत होतं ते भलतंच. मध्यंतरात मी नव्या नवरीसाठी मावा जिलेबी आणायला बाहेर गेलो होतो. दुकानावर ही गर्दी! परत आलो तर सिनेमा सुरू झालेला, आणि माझ्या खुर्चीत भागाबाई आत्या. तिच्यापुढे कुणी उंच माणूस बसला होता म्हणून ती सरकली होती. मोठ्या माणसाला ऊठ कसं म्हणणार? उरलेला सिनेमा मी पुडा हातात धरून, मागच्या भिंतीला टेकून पाहिला. मंगलाच्या डोक्यावरचा पदर तेव्हा नाकापर्यंत. सासरची माणसं ओळीने बसलेली असताना नवी सून मान वळवून शेजारी कोण आहे हे बघणार तरी कशी?

म्हणजे तीस वर्षं माझा संसार आत्याच्या हातावर उभा होता! खरं सांगितलं तर बिचारीचा तो एवढा लाडका पिक्चर कायमचा बाद. न सांगितलं तर आयतं श्रेय.

"आठवतं म्हणजे काय!" मी म्हणालो. "घाम फुटला होता मला."

"हो का?" मंगला म्हणाली, आणि तिने लगेच फोपनारला, आत्याच्या गावी, फोन लावला. "आत्याबाई, रविवारी या हं. पिक्चर बघायचाय."

"ती कशाला?" माझा आवाज चिरकला. "चौऱ्याऐंशी वय, ते गुडघे, बसची गर्दी..."

"तेव्हा होत्या ना? मग आताही हव्यात."

झालं! जिवंत साक्षीदार घरी येणार म्हटल्यावर माझी भूक मेली. त्याच घाबऱ्या अवस्थेत शनिवारी मला चौथा सिनेमा सापडला. शिंप्याचा. नायिका धडधाकट ब्लाउज उसवून रोज त्याच्याकडे शिवायला आणते. कुणी मरत नाही, कुणी कुणाचा भाऊ निघत नाही. वेण्यासुद्धा दोन!

रविवारी दुपारी पल्लवीने खिडक्यांचे पडदे ओढले आणि सिनेमा टीव्हीवर लावला. आत्याला मी पार पलीकडच्या कोपऱ्यात बसवलं आणि मंगलाशेजारी खुर्ची टाकली. आज हलायचं नाही. मध्यंतरानंतर हात धरायचा, चांगला घट्ट, आणि जुनं खोटं एकदाचं खरं करून टाकायचं.

मध्यंतर झालं. मंगला म्हणाली, "अहो, जिलेबी आणा की. तेव्हासारखी."

मी पल्लवीकडे पाहिलं.

"पप्पा, अ‍ॅनिव्हर्सरी तुमची है. जिलेबी भी तुम्हीच लाओ."

दुकानावर ही गर्दी! परत आलो तर सिनेमा सुरू झालेला, आणि माझ्या खुर्चीत आत्या. तिच्या हातात मंगलाचा हात. दोघींच्या डोळ्यांना धारा.

"मले तिकडून दिसेना," आत्या म्हणाली.

मी पुडा धरून तसाच उभा. "मंगला, म्हणजे तुला माहीत होतं?"

"आत्याबाईंच्या हातात डझनभर बांगड्या होत्या, आणि बोटांना लसणाचा वास. एवढी का मी खुळी आहे?" तिने डोळे पुसले. "आईच्या आठवणीने पदराआड रडत होते मी. घरातल्या एकालाही कळलं नाही. आत्याबाईंनी काही न बोलता हात धरला. त्या दिवशी वाटलं, राहू शकेन मी या घरात."

"मग माझा हात म्हणून का सांगितलंस?"

"म्हटलं, बघू तुम्ही काय म्हणता. घाम फुटला होता म्हणे!"

पल्लवी सोफ्यावर लोळून हसायला लागली. मला लाज वाटली, अगदी खरी लाज वाटली. आत्याच्या त्या हाताला नमस्कार करावासा वाटला, पण तो हात मोकळा नव्हता. मग मी आपला भिंतीला टेकून उभा राहिलो. सवयीची जागा.

आत्याने टीव्हीवरची नजर न काढता दुसरा हात माझ्यापुढे केला. जिलेबी घेतली, एक घास खाल्ला आणि तोंड वाकडं केलं.

"सुध्या," ती म्हणाली, "तीस वरीस झाले, पन जिलेबी तू अजून गारच आनतो."